तंबोरा गवसणीत जाईपर्यंत

लग्न होऊन ग्वाल्हेरला आले त्या वर्षीची फजिती मीच आधी सांगून टाकते, म्हणजे मागाहून दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको. लष्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या भागात नात्यातल्या एकांच्या दिवाणखान्यात गाणं होतं. मी बऱ्हाणपूरची. माझं संगीताचं शिक्षण म्हणजे मॅटिनीचे सिनेमे आणि शेजाऱ्यांचा रेडिओ. पण मला गाण्यातलं पुष्कळ कळतं अशी माझी ठाम समजूत होती, कारण सिनेमातली गाणी मला कडव्यांसकट पाठ होती. जरीकाठी साडी, डोक्यात दोन गजरे आणि चेहऱ्यावर जाणकाराचा भाव, अशी मी बायकांच्या पहिल्या ओळीत जाऊन बसले. बुवांनी सुरुवात केली आणि एकच ओळ घोळवत राहिले. मी दुसऱ्या ओळीची वाट पाहत होते. ती येईपर्यंत माझ्या पायांना मुंग्या आल्या. शेवटी एकदाचे बुवा थांबले, तबलजीने हात पुसले, लोक "वा, वा" म्हणाले. मी ओळखलं, संपलं. उठले, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "फार छान झालं हं." नवी सून उठली त्या अर्थी पानं वाढली असणार, असं समजून माझ्यामागून सबंध ओळ उठली. पलीकडे आमचे हेही उठले. त्यांना निमित्तच हवं होतं. बुवांचा नुसता संथ ख्याल संपला होता आणि ते आता द्रुत बंदिशीला हात घालणार होते. समोर ही उठाबशी पाहून त्यांनी यजमानांना अगदी गरिबासारखं विचारलं, "खाना लग गया क्या?"

त्या हशात माझं मनगट धरून मला खाली ओढलं ते माझ्या थोरल्या नणंदेने, मालती वन्संनी. गाणं पुन्हा सुरू झाल्यावर त्या माझ्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं काही नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच मला वाटलं नव्हतं... वन्सं गेल्या त्याला आता काही आठवडे झाले.

वन्सं लष्करातल्या खासगी बाजार या पेठेत राहायच्या आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. अर्ध्या लष्करच्या बायका त्यांना रस्त्यात "बहनजी" म्हणून नमस्कार करायच्या. त्यांनी लग्न केलं नाही. घरात तो विषय कुणी काढत नसे. मी नवी आणि आगाऊ, मी विचारलं. म्हणाल्या, "रोज संध्याकाळी घरी थांबायला लागलं असतं." स्वतः कधी गायल्या नाहीत, पेटीला बोट लावलं नाही. ग्वाल्हेरमध्ये गाणाऱ्यांचं कौतुक सगळेच करतात. पण ऐकणं हेसुद्धा काम आहे आणि ते कुणीतरी नेमाने केलं पाहिजे, असं वन्संना वाटायचं. त्या मैफलीला वेळेच्या आधी जात. एक काळी पर्स मांडीवर असे, तिला पितळी खटका होता. गायक थांबून नमस्कार करी, लोक चपला शोधायला लागत, तरी ह्या बसून. तंबोऱ्यांवर गवसण्या चढवल्या जात, गवसणीची नाडी बांधली जाई, तेव्हा कुठे पर्सचा खटका लागे... टच्. मग उठायचं. मी एकदा कुरकुर केली की वन्सं, माणूस केव्हाचा गप्प झालाय. तर म्हणाल्या, गायक थांबला म्हणजे गाणं संपत नाही, तंबोरा गवसणीत गेला की संपतं. हे कुठल्या शास्त्रात आहे ते मी विचारलं नाही. विचारून उपयोग नसे.

माझी ती फजिती त्यांनी मनावर घेतली. पुढच्या गाण्यापासून माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घ्यायच्या आणि तळहातावर बोटांनी ठेका द्यायच्या. समेवर चिमटा. सम म्हणजे गाणारा आणि तबला फिरून फिरून जिथे एकमेकांना गाठतात ती जागा, हे मला पुस्तकातून नाही, चिमट्यातून कळलं. आणि चिमटा म्हणजे खरा चिमटा, नखासकट. माझ्या हातावर निळे डाग दिसायला लागले तशी शेजारची एक बाई मला पाण्याच्या नळाशी गाठून हळूच म्हणाली, "क्यों बहू, सासरे में कोई मारता है क्या?" मी म्हटलं, "हो, एकताल." तिला वाटलं दिराचं नाव आहे.

सिनेमालाही आम्ही दोघी जायचो. पडाव भागातल्या टॉकीजमध्ये लाकडी खुर्च्या होत्या. गाणं लागलं की वन्सं डोळे मिटायच्या आणि मारामारी लागली की शेंगदाणे आणायला बाहेर जायच्या. मी त्यांच्या बाजूला बसून हिरोच्या नावाने हुंदके देत असे. नाक ओढल्याचा आवाज सतारीत येतो म्हणून त्या मला कोपर मारत. एका गणपतीत हौशी मंडळींचं संगीत नाटक होतं. बँकेतले एक कारकून राजा झाले होते. पद ऐन रंगात आलं आणि राजाच्या मिशीची एक बाजू सुटून गळ्यावर लोंबायला लागली. मंडपभर हशा झाला. माझा सगळ्यात मोठा, हे सांगायला नकोच. राजा बिचारा तसाच गात राहिला, आणि चांगलं गात राहिला. पद संपल्यावर वन्सं उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "पद पुन्हा म्हणा. गाणं मिशीने म्हणतात का?" राजाने मिशी काढून खिशात ठेवली आणि तेच पद पुन्हा म्हटलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपल्या बाजूला बसलेलं माणूस काय आहे. माझ्या हसण्याची मात्र मला त्या दिवशी लाज वाटली नाही. ती नंतर वाटली, खूप नंतर.

वर्षं गेली. हे गेले. मी मुलाबरोबर, मिलिंदबरोबर, सिटी सेंटरच्या नव्या वस्तीत राहायला आले. वन्सं खासगी बाजार सोडायला तयार नव्हत्या. पण गाणं असलं की रिक्षा आधी त्यांच्या दाराशी जायची. आणि एका थंडीतल्या संध्याकाळी ते झालं. एक तरुण गायिका आलाप करत होती, इतका हळू की श्वास घ्यायचाही संकोच वाटावा. वन्संनी पर्स उघडली, आतून तिळगुळाची गजक काढली आणि तिचा तुकडा मोडला. कडाड्. मग चावू लागल्या. कुडुम, कुडुम. ग्वाल्हेरची गजक म्हणजे काय चीज आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको. खुसखुशीत म्हणूनच ती विकली जाते. आमच्या ओळीने माना वळवल्या. गायिकेचे डोळे उघडले. त्याच गजकेसाठी ज्यांनी जन्मभर माझ्या हातावर फटके मारले, त्या वन्सं डोळे मिटून, मान डोलावत, शांतपणे चावत होत्या. मी घाबरून त्यांच्या कानाशी म्हटलं, "वन्सं, आवाज होतोय." त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हो ना. तयारीची आहे मुलगी."

परत येताना रिक्षात मी जरा आगाऊपणा केला. तोंड बाहेर वळवून नेहमीच्या आवाजात म्हटलं की वन्सं, तुमच्या पदराला मागे शाई लागली आहे. पदराच्या बाबतीत त्या फार काटेकोर. त्या हलल्या नाहीत. मग मी त्यांच्याकडे वळले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि बहुधा सगळं समजल्या. शाळेत चोरी पकडली गेलेल्या मुलीसारख्या बाहेर पाहू लागल्या. ऐकू येणं कमी होत होतं ते कधीपासून, हे त्यांनी सांगितलं नाही. यंत्र आणून पाहिलं होतं, कुणाला न कळवता. पण ते लावून गाण्याला बसलं की भांड्यांच्या दुकानात माकड शिरल्यासारखं होतं म्हणे. ते रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलेलं होतं. मग म्हणाल्या, "मिलिंदला सांगू नकोस. तो चांगला मुलगा आहे. मला कोचावर बसवेल, शाल देईल आणि टीव्ही लावून देईल."

पुढच्या गाण्याला त्यांनी आपला उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. तळवा वर. मला कळेना काय करावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू वर्गात एखाद्या मठ्ठ मुलीला नकाशात नर्मदा सापडत नाहीये. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी त्यांच्या तळहातावर ठेका धरला.

त्यानंतर आम्ही तशाच जात राहिलो. खुणा ठरत गेल्या. गायकाने कमाल केली की मी त्यांची करंगळी दाबायची, बेसूर झाला की अंगठा. प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले की मनगटावर दोन टिचक्या. मग त्या खुशाल झोपायच्या, आणि मी एकटी अडकायचे. लोक म्हणायचे, बघा, या वयात नणंद-भावजयी हातात हात घालून बसतात. आम्ही गोड हसायचो.

पण मला एक गोष्ट आतून खात होती, आणि ती आता लिहिलीच पाहिजे. मला ताल कधी नीट आलाच नाही. चिमटे खाऊन सम कळली, पण संथ ख्यालात ती एवढी लांब असते की अधेमधे कुठेतरी माझी वाट चुकते. बाड्याच्या चौकात गर्दीत पोराचा हात सुटावा तसं. मग मी काय करायची, तबलजीच्या मानेवर नजर ठेवायची आणि त्याने मान झटकली की चिमटा काढायची. मधले ठोके माझ्या अंदाजाचे. ज्या बाईने आयुष्यात तबलजीला अर्धी मात्रासुद्धा माफ केली नाही, तिच्यापर्यंत आता सगळं गाणं जात होतं ते माझ्या या अडाणी बोटांमधून. पाणी घालून दूध विकणाऱ्यासारखं मला वाटायचं. एकदा धीर करून त्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील अशा बेताने विचारलं की वन्सं, मी बरोबर वाजवते ना? त्या नुसतं म्हणाल्या, "तू वाजवत जा."

हे उत्तर आहे का? मला आजही ठरवता येत नाही.

घरी ते कळलंच शेवटी. किती दिवस लपणार. गेल्या हिवाळ्यात सकाळची एक सभा होती. दाट धुकं, अंगात कापरं भरवणारी थंडी. मी रिक्षा बोलावतेय असं पाहून मिलिंद वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याजवळ आला. रागावला नाही, तेच वाईट. म्हणाला, "आई, सच सांग. आत्याला काही ऐकू येत नाही. डॉक्टरने मला सांगितलंय, आता काहीच येत नाही. तू तिला थंडीत नेतेस ते तिच्यासाठी, का तुझ्यासाठी?" सुनेने त्याला आत बोलावलं. मी शाल घेतली आणि गेले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर रिक्षात बसला होता.

वन्संनी हातमोजे घातले होते. सभागृहात त्यांनी उजवा काढून पर्समध्ये टाकला आणि तळवा माझ्या मांडीवर ठेवला. मी ठेका धरला. बोटं गारठलेली, डोक्यात मिलिंद. थोड्याच वेळात मी हरवले, आणि त्या दिवशी तबलजीची मानही दिसेना, पुढे कुणीतरी मफलर गुंडाळून बसलं होतं. मी थांबले. तिच्यासाठी का तुझ्यासाठी... त्यांचा तळवा तसाच उघडा राहिला. मग त्यांनी माझा हात धरला, उलटा केला, आपल्या मांडीवर घेतला आणि माझ्या तळहातावर बोटं चालवायला लागल्या. डोळे मिटलेले. मी नवी सून होते तेव्हा चालायची तशीच ती बोटं, फक्त जरा थरथरती. ती फिरत फिरत गेली आणि चिमटा आला. मी मान वाकडी करून मंचाकडे पाहिलं. गायक आणि तबलजी नेमके त्याच क्षणी एकमेकांकडे बघून हसत होते. योगायोग असेल, मी म्हटलं. पुढच्या फेरीला पुन्हा पाहिलं. पुन्हा चिमटा, पुन्हा सम.

खुर्चीतून येत होतं का? जमिनीतून? का इतकी वर्षं ऐकल्यावर आतच काहीतरी चालू राहतं? गाणं संपलं, गवसण्या चढल्या, टच् झालं आणि आम्ही बाहेर धुक्यात आलो तेव्हा मी त्यांना गदागदा हलवून विचारलं की तुम्हाला कळत होतं ना? कसं कळत होतं? त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फार बडबडतेस. चहा घेऊ."

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कारण त्यांना जर आपलं आपण सापडत होतं, तर माझ्या बोटांचं काम काय होतं? इतके हिवाळे मी ज्यांना गाणं नेऊन पोचवत होते असं मला वाटायचं, त्या नुसता माझा मान राखायला हात पुढे करत होत्या की काय? मिलिंदचा प्रश्न मग मला फार खरा वाटायला लागला.

पुढे होळीनंतर त्यांना ताप आला, छाती भरली, इस्पितळात ठेवावं लागलं. मी दुपारी जाऊन बसत असे. बोलण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांना ऐकूही येत नव्हतं. एक दिवस मी त्यांचा हात घेतला आणि माहीत असलेली सर्वांत सोपी गोष्ट वाजवायला घेतली, साधा तीनताल. तो तरी मला येतो. नर्स बघून म्हणाली, "अम्मा, सुई हल जाएगी." मी दुसरा हात घेतला. समेवर हळूच चिमटा काढला, नखाशिवाय. आणि वन्संनी हात काढून घेतला. पांघरुणाखाली नेला आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती आमची शेवटची भेट. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून फोन आला, तो सुनेने घेतला.

सून समजूत घालते. म्हणते, आई, हात गार पडला असेल, म्हणून घेतला असेल आत. मिलिंद त्या सकाळी बोलला ते त्याला लागून राहिलंय हे मला दिसतं, आणि मी त्याला मोकळंही करू शकत नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नाही. थंडी वाजली असेल. दमल्या असतील. माझा ठेका चुकला असेल, तीनतालात चुकणंही मला अशक्य नाही. किंवा नको झालं असेल, ठेका आणि मी, दोन्ही. मी सगळं पडताळून पाहते आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

पर्स माझ्याकडे आली. आत रुमालात बांधलेलं यंत्र, उजव्या हाताचा मोजा आणि गजकेचा चुरा. मागच्या रविवारी आमच्याकडच्या एका छोट्या सभागृहात संध्याकाळी गाणं होतं. मी जाणार नव्हते. नात म्हणाली, "आजी चल ना, मी येते साथ में." तिला गाण्यात रस नाही, माझ्यात आहे. गेलो. मी पर्स मांडीवर घेतली, खटका उघडा ठेवला. गाणाऱ्या मुलाचा आवाज चांगला होता. माझी बोटं आपली आपण खुर्चीच्या हातावर चालायला लागली आणि नेहमीसारखी चुकली. चिमटा काढायला कुणी नव्हतं.

मग गाणं संपलं. टाळ्या झाल्या, पुष्पगुच्छ झाले, लोक उठले. मी मंचाकडे पाहत बसले, गवसणी कधी चढते म्हणून. बराच वेळ पाहिलं. आणि मग लक्षात आलं की तिथे तंबोराच नव्हता. गायकाच्या बाजूला तो छोटा डबा होता, विजेवर तंबोऱ्यासारखा झंकारणारा. कुणीतरी बटण बंद करून तो केव्हाच पिशवीत टाकला होता. मी पाहिलंसुद्धा नाही.

दिवे एकेक करून जात होते. नात पुढे जाऊन दारातून परत आली, माझ्यासमोर उभी राहिली. "आजी, खतम झालं ना? उठतेस ना?" माझा अंगठा पर्सच्या खटक्यावर होता, पण तो दाबवेना. माझ्या आयुष्यात गाण्यानंतर तो आवाज मी कधी केला नव्हता, फक्त ऐकला होता. आणि तिथे बसल्या बसल्या मला ते शब्द जसेच्या तसे आठवले. मी दोन गजरे घालून मूर्खासारखी उभी राहिले होते त्या दिवसाचे. सबंध ओळ हसत खाली बसली होती, बुवांनी पुन्हा सूर लावला होता, माझे कान लाजेने तापले होते, आणि वन्सं माझं मनगट न सोडता, माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या होत्या,

"बस खाली. घाई कसली आहे? मी उठेन, मग तू ऊठ."